आपाच्या सासरची रान

आमच्या अब्बांनी आयुष्यात कधी परक्या बाईकडे मान वर करून पाहिलं नाही. त्यांच्या या सभ्यपणाचं मोहल्ल्यात मोठं कौतुक होतं. आमच्या आपाचं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न मात्र त्यापायी मोडता मोडता राहिलं, आणि तेही ऐन बकरीदेच्या दिवशी, बकऱ्याच्या एका तंगडीवरून. ही गोष्ट आमच्या खानदानात इतक्यांदा सांगून झालीय की हल्ली माझी नातवंडं मला मध्येच थांबवून दुरुस्त करतात. म्हणून म्हटलं, डोकं ठिकाणावर आहे तोवर एकदाची लिहून टाकावी. उद्या माझ्या माघारी ही कार्टी तंगडीच्या जागी अख्खा उंट घालायला कमी करायची नाहीत.

आमचं घर निजामपुऱ्यात. पुढे राहायची जागा, मागे चार लूमचं, म्हणजे यंत्रमागांचं शेड आणि दोन्हींच्या मध्ये फरशीचा चौक. आम्ही कोकणी मुसलमान, त्यामुळे घरात बोलणं मराठीच, आमच्या वळणाचं, हाय-न्हाय करणारं. पण कुणी रागावलं की त्याला एकदम उर्दू फुटायची. अम्मीनं मला 'अगं ए भवाने' म्हटलं तर मी खुशाल खेळत राहायची. 'आप ज़रा इधर तशरीफ लाइए' म्हणाली की खेळ तिथंच टाकून धावायची. लूम रात्रंदिवस चालायचे. त्या खटाखटीत आम्ही जेवलो, शिकलो, भांडलो. सगळ्या घराला ओरडून बोलायची सवय लागली ती कायमची. माझी सून अजून म्हणते, "अम्मी, फोनवर बोलता तेव्हा फोन नसला तरी चालेल." ईदच्या दिवशी मात्र अख्ख्या गल्लीतले लूम बंद असत, आणि त्या शांततेत आपण काय बरळतोय ते सगळ्यांना ऐकू जातंय हे ध्यानात यायला आम्हाला दुपार उजाडायची.

अब्बांचा अल्लावर भरवसा होता आणि तराजूवर होता. बाकी कशावर फारसा नव्हता. सूत जोखायचा मोठा तराजू शेडमध्ये टांगलेला असे. कामगारांचं सूत असो की आम्हा भावंडांचे आंबे, अब्बा जोखूनच देत. बकरा आणायचा तोसुद्धा चार माणसं घेऊन, शिंग तुटलेलं नाही ना, कान फाटलेला नाही ना, लंगडत नाही ना, दात आलेत ना, सगळं तपासून. ऐबदार जनावर कुर्बानीला चालत नाही. आणि आणायचा तो ईदच्या बऱ्याच आधी. का, तर जीव लागला पाहिजे. अब्बा दरवर्षी चौकात बसून आम्हाला हजरत इब्राहिमची गोष्ट सांगायचे: अल्लानं फर्मावलं, तुला सगळ्यात प्यारं असेल ते दे, त्यांना प्यारा त्यांचा मुलगा, बाप निघाला, मुलगाही 'चला' म्हणाला, आणि ऐन वेळी अल्लानं मुलाच्या जागी दुंबा पाठवला. मी दरवर्षी विचारायची, दुंबा म्हणजे काय. अब्बा म्हणायचे, जाड शेपटीचा मेंढा, आणि गोष्टीत मध्ये बोलू नये. त्यांचं म्हणणं एवढंच, की ज्याच्यावर जीव नाही ते देऊन टाकण्यात कसली आलीय कुर्बानी.

त्यामुळे बकऱ्याचे लाड चालत, पण नाव ठेवायला बंदी होती. नाव ठेवलं की पोरं रडतात, असं अब्बा म्हणायचे आणि स्वतः त्याला 'राजा, खा रे बाबा' करत पाला भरवायचे. हा पाला दिघाशीहून एक आदिवासी बाई डोक्यावरून घेऊन यायची. पण आमच्या त्या वर्षीच्या राजाला पाल्यापेक्षा कांजी फार आवडे. लूमवर चढवायच्या सुताला कांजी लावून ते कडक करतात. पठ्ठ्या दोर सोडवून शेडमध्ये शिरला आणि नव्या बीमची, म्हणजे सुताच्या रुळाची, एक कड चाटून चाटून त्यानं पार मऊ केली. त्या बीमवरचं कापड एका बाजूनं लोंबतच निघालं. धाकटा गफूर चाचा म्हणाला, "भाई, ह्याला आताच कापा." अब्बांनी बकऱ्याला जवळ घेतलं आणि गफूर चाचालाच शेडबाहेर काढलं. आता माझ्या नातवाच्या मोबाइलवर बकऱ्यांचे व्हिडिओ येतात, उंची-वजनासकट, गाण्यावर चालणारे. बकरा घरी येतो तो आदल्या संध्याकाळी, गाडीतून. जीव लागायला त्याला वेळच मिळत नाही बिचाऱ्याला.

आता आपाकडे येते. आपाचं नाव झुबेदा. दिसायला देखणी, बोलायला मितभाषी, आणि आतून पक्की जिद्दी. तिचं लग्न ठरलं होतं यूनुसशी. यूनुस जॉबर होता, म्हणजे लूम दुरुस्त करणारा, आणि दोन गल्ल्या सोडून राहायचा. हात त्याचा असा, की बिघडलेला लूम त्याच्या आवाजावरून ओळखायचा. फक्त आमच्या शेडमधले लूम त्याच्याच्यानं एका फेरीत कधी दुरुस्त झाले नाहीत. आज एक बोल्ट बसवायचा, उद्या येतो म्हणायचा. उद्या आला की पाना घरी विसरलेला असायचा. अब्बा म्हणायचे, पोरगा चांगला हाय पण जरा मंद हाय. आपा तेव्हा स्वयंपाकघराच्या जाळीतून त्याला चहा द्यायची, आणि तो मंद पोरगा ऊन ऊन चहा असा घोटाघोटानं प्यायचा की त्यावर साय धरायची. पुढे त्याच्या घरून रीतसर मागणी आली. आमच्याकडच्या थोरांनी बसून हो म्हटलं. आपाला कुणी विचारलं नाही. तशी पद्धतच नव्हती. पण त्या दिवशी तिनं भाकऱ्या थापताना पीठ संपलं तरी हात थांबवले नाहीत, ते मी बघितलंय.

सगळं सुरळीत चाललं असतं, पण मंगनीच्या, म्हणजे साखरपुड्याच्या दिवशी घोटाळा झाला. यूनुसची आई, मरियम खाला, बाई मोठी करारी. तिचा थोरला भाऊ जरा उशिरा आला आणि खुर्च्या संपल्या, म्हणून तो चटईवर बसला. बसला तो मजेत, बिर्याणीही दोनदा मागून घेतली. पण मरियम खालाच्या मनात ती चटई रुतून बसली. त्या दिवसापासून त्यांच्याकडून ना निरोप ना सांगावा. आणि आमच्या मोहल्ल्यात रिवाज असा, की मंगनी झालेल्या मुलीला पहिल्या बकरीदेला सासरहून रान यायची. रान म्हणजे मागची अख्खी तंगडी. लाल कपड्यात बांधून, वर फुलांचा गजरा लावून, जोहरच्या म्हणजे दुपारच्या नमाजाआधी. आली तर नातं पक्कं. नाही आली तर समजायचं ते समजा. आणि आलेली रान मुलीच्या घरून परत गेली, तर मुलीकडच्यांनीच नातं तोडलं. हा सगळा कारभार बायकांचा. पुरुषांना त्यातलं ओ की ठो कळत नसे. अब्बांना तर घरात बायकांचं काहीतरी बिनसलंय एवढंच ठाऊक होतं.

ईदच्या सकाळी पुरुष नमाज पढून आले आणि कुर्बानी झाली. सुरी अब्बांनी स्वतः फिरवली. त्याआधी त्यांनी राजाला पाणी पाजलं आणि त्याच्या कानामागे खाजवलं. आम्ही पोरी दार लावून रडलो. मला तो बकरा खरंच फार आवडायचा. आणि कलेजी तव्यावर पडल्याचा वास आला तशी रडणाऱ्यांतली पहिली मी उठले, हेही खरं. हिरवी मिरची, मीठ, वरून लिंबू आणि तांदळाची गरम भाकरी. डोळे पुसत पुसत मी ती खाल्ली आणि अजून मागितली. त्या दिवशी कुर्बानीची कलेजी तोंडात पडेपर्यंत घरात कुणी काही खात नसे, त्यामुळे दुःख आणि भूक दोन्ही जोरात असत.

मग चौकात तराजू आला. कुर्बानीच्या गोश्ताचे तीन हिस्से करतात: एक गरिबांचा, एक नातेवाइकांचा नि शेजाऱ्यांचा, एक घरचा. सगळे लोक हे अंदाजानं करतात. अब्बा जोखून करायचे, हाडासमोर हाड, चरबीसमोर चरबी. आणि त्यांनी मजहबात स्वतःची एक भर घातली होती: दुसऱ्यांकडून आपल्याकडे जे येतं, त्याचेही तीन हिस्से झाले पाहिजेत, नाहीतर घरचा हिस्सा तिसऱ्या भागापेक्षा जास्त होतो. मौलवीसाहेबांनी समजावलं की भेट आलेलं गोश्त सरळ खा, काही हरकत नाही. अब्बा म्हणाले, मौलवीसाब रहमदिल हायेत, सवलत देतात. त्यात आमच्यात आलेली थाळी रिकामी परत पाठवत नाहीत. म्हणजे थाळी आली की जोखा, तीन भाग करा, थाळीत काहीतरी घालून परत करा; तोवर दुसरी थाळी हजर. गफूर चाचा सायकलवरून वाटप करत होता. दुपारपर्यंत त्याच्या कुर्त्यावर जिथं तिथं डाग, आणि आमच्याच बकऱ्याचे तुकडे दोन घरं फिरून आमच्याकडे परत आलेत असा त्याला दाट संशय.

आपा आणि मी माडीवरच्या खिडकीत होतो. आपा म्हणायची, मला काय करायचंय त्या रानेशी, मी आपली वारा खातेय. वारा खाताना ती गल्लीच्या तोंडाकडे अशी बघत होती की लाल ओढणी घेतलेली कुणीही बाई दिसली तरी माझ्या दंडाला चिमटा बसायचा. संध्याकाळी बघितलं तर दंड काळानिळा. गल्लीत थाळ्याच थाळ्या, रुमालानं झाकलेल्या, ही इकडून तिकडे, ती तिकडून इकडे. लाल कपडा कुठेच नाही. जोहरची अजान झाली. आपानं खिडकी लावून घेतली, भिंतीकडे तोंड करून आडवी झाली आणि म्हणाली, मला झोप आलीय. मी तिच्या पायाशी बसून राहिले आणि तिचे खांदे हलताना बघत राहिले. त्या घडीला मला यूनुसचा, त्याच्या आईचा, चटईवर बसलेल्या त्या मामाचा, सगळ्यांचा इतका राग आला होता की काय सांगू.

आणि रान तर केव्हाच येऊन गेली होती. गल्लीत माणसं नि बकरे यांची दाटी, म्हणून यूनुसची फुफी, म्हणजे आत्या, मागच्या बाजूनं शेडमधून आली. चौकात अब्बा एकटेच, तराजूपाशी. परकी बाई दिसताच त्यांची मान खाली. त्यांना दिसल्या त्या फक्त तिच्या चपला. फुफी बिचारी लाजाळू, समधी, म्हणजे व्याही पुढ्यात बघून तीही गडबडली. हळूच "घरून पाठवलंय, ईद मुबारक" म्हणाली, थाळी ठेवली आणि निघाली. कुणाच्या घरून, हे तिनं सांगितलं नाही आणि अब्बांनी विचारलं नाही. त्यांनी चपलांना ईद मुबारक केलं. मग गजरा काढून खुंटीला अडकवला, लाल कपड्यानं तराजूचं ताट पुसलं आणि रान जोखली. झालं, घरचा हिस्सा एका अख्ख्या तंगडीनं वाढला! तीन भाग करायला सुरा उचलला, आणि तेवढ्यात त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. समधींकडचं काहीतरी बिनसलंय ना? मग आपणच मोठेपणा घ्यावा. एवढी देखणी रान अल्लानं ऐन वेळी धाडलीय ती त्याचसाठी. त्यांनी गफूर चाचाला हाक मारली आणि ती मरियम खालाकडे पाठवून दिली. गफूर चाचानं नेऊन दिली, सरबत प्याला, नि परत येऊन सांगितलं, "भाई, रान बघून त्यांची तर बोलतीच बंद झाली." अब्बांना फार बरं वाटलं.

थोड्याच वेळात खाली रिक्षा थांबल्याचा आवाज आला. मी खिडकीची फट करून बघितलं. मरियम खाला उतरत होती, मागे यूनुसची ती फुफी, आणि खालाच्या दोन्ही हातांत, तान्ह्या पोराला धरतात तशी, रान. मी आपाला हलवलं. आपा उठून बसली, ओढणी कुठं, केस कुठं. आम्ही दोघी जिन्याच्या वरच्या पायरीवर येऊन बसलो, दिसू नये अशा बेतानं. मरियम खाला चौकात आली, कुणी सांगायच्या आधी फरशीवर बसली, रान मांडीवर घेतली आणि म्हणाली, "हमने सोचा था, शरीफ लोग हैं." उर्दू! अम्मीचा चेहरा पांढरा पडला. पण अम्मीही काही कमी नव्हती. रान आलीच नाही या दुःखात सकाळपासून ती धुमसत होती. ती पदर सावरून म्हणाली, "शराफत की बात आप न करें तो बेहतर होगा." मग जी काही नाजूक उर्दू त्या चौकात वाहिली! आप फर्माइए, आपकी जर्रानवाजी, हम तो नाचीज हैं. दोघींचे आवाज खाली आणि डोळ्यांत आग. लूम बंद असल्यानं अख्खी गल्ली कान देऊन होती. मरियम खालाचं म्हणणं, आमची रान परत पाठवलीत, माझ्या पोरात काय ऐब बघितलात. अम्मीचं म्हणणं, कुठली रान, कसली रान, आमच्याकडे तर तुमच्याकडून पुसायला कुत्रंही आलं नाही. शेवटी खालानं रान उलटी केली आणि घोट्याच्या हाडाला बांधलेला जरीच्या किनारीचा लाल नाडा दाखवला. तो तिनं स्वतःच्या हातानं बांधला होता.

अब्बा तराजूमागे उभे होते. नाडा बघून त्यांची नजर खुंटीवरच्या गजऱ्याकडे गेली, मग ताट पुसलेल्या लाल कपड्याकडे. त्यांचा चेहरा मी वरून बघितला, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या बापाची कीव आली. त्यांनी चपलांकडे बघत सगळं सांगितलं: तीन हिस्से, वाढलेलं वजन, मोठेपणा. मरियम खालानं विचारलं, "माझी नणंद समोर उभी होती, तुम्ही बघितलं न्हाय?" अब्बा म्हणाले, "परक्या बाईकडं कसं बघणार?" फुफी कोपऱ्यातून पुटपुटली, "खरं हाय भाभी, वर बघितलंच न्हाय. माझ्या चपलांना सलाम केला." अब्बांना वाटलं, आता जरा सावरून घ्यावं. म्हणाले, "आणि बघा, अल्लाकडं तर गोश्त पोचतच न्हाय. पोचते ती नियत." मरियम खाला म्हणाली, "अल्लाकडं पोचत नसेल भाईसाब. माझ्याकडं तर गोश्तच पोचलं." गल्लीतून कुणीतरी खुदकन हसलं. गफूर चाचानं जाऊन दार लावलं, पण खिडक्या उघड्याच होत्या.

उर्दू संपली होती, एवढं बरं होतं. पण खाला काही उठेना. रान मांडीवर तशीच. ती अम्मीला म्हणाली, "चुकून झालं म्हणता, मानते मी. पण रिवाजानं रान परत आलेली हाय, नि सगळ्या मोहल्ल्यानं बघितलीय. आता तुमचं-माझं बोलणं पुरं. पोरीला बोलवा. तिला माझा यूनुस पाहिजे का न्हाय, ते तिच्या तोंडून ऐकल्याबगर मी ही रान खाली ठेवणार न्हाय." असं कुणी कधी विचारलंच नव्हतं. मुलीला विचारायचं ते निकाहाच्या वेळी, आणि तेव्हा मुलीनं मान हलवायची असते. अम्मी म्हणाली, अहो ती काय बोलणार, लाजते ती. अब्बा म्हणाले, तिच्या वतीनं मी सांगतो ना.

माझ्या शेजारची पायरी रिकामी झाली होती. आपा खाली उतरत होती. डोळे सुजलेले, ओढणी एका खांद्यावरून लोंबत, आमच्या त्या बीमच्या कापडासारखी. सासूसमोर असं जायचं नसतं, एवढं मलाही कळत होतं. ती सरळ मरियम खालापुढे गेली, वाकली, तिच्या मांडीवरची रान उचलली आणि छातीशी धरली. नवा ईदचा ड्रेस होता, त्याचंही तिला भान नव्हतं. मग ती बोलली, आमच्या घरच्या आवाजात, लूम चालू असताना बोलतो तशी.

"मला यूनुस पाहिजे. आणि ही रान पण पाहिजे. अब्बा, हिचे तीन हिस्से व्हायचे न्हाईत."

आणि रान घेऊन ती स्वयंपाकघरात निघून गेली. अम्मीनं पदर तोंडात कोंबला. समोरच्या गच्चीवरून कुणीतरी शाबासकी दिली. मरियम खाला बसल्या जागी आधी हलायला लागली, मग तिला हसू फुटलं, आणि ते थांबेचना. फुफीनं पाणी आणून दिलं तर तेही ठसक्यानं बाहेर. हसून झाल्यावर ती डोळे पुसत उठली आणि आपाच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळानं दोघींचे आवाज ऐकू आले: गोश्त मऊ व्हायला कच्ची पपई किती लावायची यावरून त्यांचं पहिलं भांडण चाललं होतं, मराठीत.

संध्याकाळी रान शिजली. यूनुसला आणि त्या मामाला निरोप गेला. मामाला घरातली सगळ्यात उंच खुर्ची दिली, ती शेडमधली, तेलकट, त्याच्या पांढऱ्या सलवारीला डाग पडला आणि तरी तो खूश. अब्बा जेवताना अस्वस्थ होते. घरचा हिस्सा एका तंगडीनं जास्त झालाय, हे त्यांच्या मनातून जाईना. शेवटी त्यांनी आपल्या ताटातला मोठा तुकडा उचलला आणि मान खाली घालूनच मरियम खालाच्या ताटात ठेवला.

पुढे निकाहाच्या दिवशी आतल्या खोलीत येऊन वकिलांनी, म्हणजे मुलीचा होकार घ्यायला नेमलेल्या माणसांनी, आपाला विचारलं, कबूल आहे का. आपा मान खाली घालून इतक्या हळू म्हणाली की त्यांनी पुन्हा विचारलं, आणि पुन्हा. बायका कौतुकानं एकमेकींना सांगत होत्या, बघा, पोर किती लाजाळू आहे. मी तिच्या शेजारीच बसले होते. मला हसू आवरेना, म्हणून मी ओढणीत तोंड खुपसलं. आणि तिथंच बसलेल्या मरियम खालानं मला जोरात चिमटा काढला, कारण तिलाही आवरत नव्हतं.